पहार पहिल्या प्रकारची तरफ की दुसऱ्या? पोरीचं उत्तर चूक दिलंय

खानापूरची_आई
नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यातले, पोरगी सातवीत, मराठी मीडियम. मागच्या आठवड्यात शाळेत साध्या यंत्रांवर टेस्ट झाली, त्यात पहार कुठल्या प्रकारची तरफ असं विचारलेलं, हिनं दुसऱ्या प्रकारची लिहिलं आणि चूक दिलं. घरी गाईड काढून बघितलं तर त्यातपण पहार पहिल्या प्रकारातच छापलीय, मग मीपण म्हटलं की बाई चुकलंच तुझं, तर डोळ्यात पाणीच आलं तिच्या, म्हणते आई मी स्वतः बघितलंय बाबा कसं करतात ते.

झालं असं की पावसात आमच्या भाताच्या खाचराचा बांध ढासळला, त्यातला एक मोठा दगड आडवा पडलेला. हिच्या बाबांनी पहारीचं टोक दगडाखालून पार पलीकडं मातीत घुसवलं आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून वर उचललं, मधे टेकू म्हणून छोटा दगड वगैरे काहीच ठेवलं नव्हतं. तेच चित्र तिनं पेपरात काढलंय. टोक जमिनीत, दगड त्याच्या जवळ पहारीवर टेकलेला, हात लांब वरती. आता मला सांगा ह्यात तिचं चुकलं कुठं? मी कॉमर्सची, मला काय उलगडेना.

शेजारचा मुलगा कन्नड मीडियमला आहे, त्यांच्यात तरफेला सन्ने म्हणतात, त्याच्या वहीतपण पहार पहिल्यातच. आणि दुसरं म्हणजे अडकित्ता दुसऱ्या प्रकारचा आणि चिमटा तिसऱ्या प्रकारचा असं का? दोन्हीत जोड एका टोकालाच आहे की. आणि तिसऱ्या प्रकारात ताकद जास्तच लागते असं लिहिलंय, मग तसली वस्तू माणूस करतो तरी कशाला? सोप्या भाषेत कुणी सांगितलं तर बरं होईल, सोमवारी ती वही घेऊन सरांना भेटणार म्हणते.

निपाणीचे_गुरुजी
ताई, पहिल्यांदा पोरीचे डोळे पुसा. तिचं उत्तर बरोबर आहे. मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे, आणि हा घोळ मी वर्गात कितीतरी वेळा बघितलाय, कारण आपण पोरांना वस्तूंच्या याद्या पाठ करायला लावतो, कात्री पहिली, अडकित्ता दुसरा, चिमटा तिसरा. प्रकार वस्तूचा नसतो हो, ती वस्तू त्या वेळेला कशी वापरली त्याचा असतो.

तरफ म्हणजे एक ताठ दांडा, जो कुठंतरी टेकलेला आहे आणि त्या टेकलेल्या जागेभोवती फिरतो. ती जागा म्हणजे टेकू. जे उचलायचं, दाबायचं, कापायचं तो भार. आपण हात लावतो ते बल. आता एवढंच बघायचं की ह्या तिघांत मधोमध कोण बसलाय. टेकू मधे असेल तर पहिला प्रकार, भार मधे असेल तर दुसरा, बल मधे असेल तर तिसरा. टेकू, भार, बल हा क्रम तोंडात बसवा, एक दोन तीन आपोआप येतं. मी पोरांना टेभाब म्हणायला लावायचो, पंधरा वर्षांनी बाजारात भेटली तरी गुरुजी टेभाब म्हणून हाक मारतात.

पहारीखाली दगडाजवळ एखादा छोटा दगड सरकवला आणि वरचं टोक खाली दाबलं तर टेकू मधे आला, पहिला प्रकार. तुमच्या मालकांनी टोक मातीत रोवून वर उचललं, म्हणजे मातीतलं टोकच टेकू झालं, दगड मधे, हात शेवटाला, हा शुद्ध दुसरा प्रकार. गाईडवाल्यानं पहिली पद्धत डोळ्यासमोर धरून छापलंय, पोरीनं बांधावर बघितलेली धरून लिहिलंय. आणि चित्रपण काढलंय म्हणता, मग तर मी पूर्ण मार्क दिले असते, वर पाठीवर थाप.

अडकित्ता हातात घ्या. पुढच्या टोकाला रिव्हेट आहे तो टेकू, सुपारी त्याच्याजवळ मधे, मूठ मागं. भार मधे. आता चिमटा घ्या, चुलीवरची भाकरी धरायचा. मागं जोड आहे तो टेकू, भाकरी पार पुढच्या टोकाला, आणि आपली बोटं दाबतात कुठं, मधे. बल मधे. जोड दोन्हीत टोकाला आहे हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर, पण हाताची आणि मालाची जागा अदलाबदल झालीय, तेवढ्यानं सगळं काम बदलतं. सुपारी कडक, तिला जोर पाहिजे. भाकरीला जोर नकोच, उलट जोरात दाबली तर फाटेल, तिथं हात विस्तवापासून लांब राहायला पाहिजे आणि बोटं जराशी हलली की टोक भरपूर उघडमीट व्हायला पाहिजे.

उद्यमबाग_फिटर
गुरुजी एकदम बरोबर बोलले. मी बेळगावात मशीन बसवायचं काम करतोय, पहार रोज हातात, म्हणून जरा आकड्यात सांगूलोय म्हणजे पोरीला सरांसमोर मांडता येईल.

नियम एकच, बल गुणिले बलाची टेकूपासूनची लांबी बरोबर भार गुणिले भाराची टेकूपासूनची लांबी. ह्या लांबीला भुजा म्हणतात. समजा पहार १५० सेंमीची. टोकापासून १५ सेंमीवर टेकू ठेवला आणि दुसऱ्या टोकाला दाबलं, तर माझी भुजा १३५ आणि भाराची १५, म्हणजे ९ पट फायदा. आता तीच पहार, टोक जमिनीत रोवलं आणि भार टोकापासून १५ सेंमीवर घेऊन वर उचललं, तर माझी भुजा पूर्ण १५० झाली, फायदा १० पट. म्हणजे बांधावर जे केलं त्यात थोडा फायदा जास्तच की! पण तरी आम्ही मशीन हलवताना पहिलीच पद्धत का घेतो, तर खाली दाबायला अंगाचं वजन कामाला येतंय, वर उचलायला कंबर लागतंय. ७० किलोचा माणूस नुसता पहारीवर रेलला तरी काम होतंय, वर उचलताना तसं होत नाही. दिशा बदलून मिळणं हा पहिल्या प्रकाराचा मोठा फायदा आहे, तो गाईडमध्ये एका ओळीत उरकतात.

अजून एक. ६०० किलोचं मशीन असलं तरी एका बाजूनं उचलताना दुसरी बाजू जमिनीवरच असते, त्यामुळं साधारण निम्मंच, ३०० किलोच्या आसपास येतंय. त्याला ९ नं भागा, ३३ किलो. एवढं तर कुणीपण दाबेल. पण फुकट काय नाही, मशीन १ सेंमी उचलायला माझा हात ९ सेंमी खाली जातो. ताकद वाचली तर अंतर वाढलं. म्हणून जरा उचलायचं, खाली लाकडाची फळी सरकवायची, परत टेकू उंच करून जरा उचलायचं, असं टप्प्याटप्प्यानं चालतंय.

आणि हे वहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितोय. टेकूवर वजन भारापेक्षापण जास्त येतं. पहिल्या प्रकारात भार आणि माझं दाबणं दोन्ही खालीच, ३०० अधिक ३३, सगळं त्या टेकूच्या डोक्यावर. मी आधी एका ठिकाणी कामाला होतो तिथं टेकू म्हणून वीट ठेवलेली, दाबल्याबरोबर वीट फुटली, पहार निसटली, माझ्या डाव्या हाताची करंगळी आजपण पूर्ण मिटत नाही. टेकू कायम लोखंडाचा नाहीतर टणक लाकडाचा घ्या, आणि पोरगी बाबांबरोबर बांधावर जात असेल तर तिला पहारीच्या समोर उभं राहू देऊ नका आणि दगडाखाली हात घालू देऊ नका, हे मार्कांपेक्षा महत्त्वाचं आहे.

संकेश्वर_दादा
तुमचं सगळं पटतंय पण ताई मी स्पष्ट सांगतो, परीक्षेत गाईडमध्ये आहे तेच लिहायचं. तपासणारा एकेका पेपराला दोन मिनिटं देतो, तो चित्र बघत बसणार नाही. माझ्या भाच्याचे असेच मार्क गेलेत. पहार पहिली लिहा आणि मोकळं व्हा.

निपाणीचे_गुरुजी
दादा, काळजीपोटी बोलताय हे कळतंय. पण मधला रस्ता आहे की. एक ओळ जास्त लिहायची, "टेकू मध्ये ठेवून वापरल्यास पहिल्या प्रकारची, टोक जमिनीत रोवून उचलल्यास दुसऱ्या प्रकारची". तपासणाऱ्याला पहिला शब्दपण मिळतो आणि पोर खरं ते लिहिते. बघितलेलं खोटं आणि छापलेलं खरं अशी सवय ह्या वयात लागली तर पुढं विज्ञान कशाला शिकायचं? माझ्या नोकरीत मीपण याद्या पाठ करून घेतल्यात सुरुवातीची काही वर्षं, नंतर पोरांना शाळेच्या हापशावर न्यायला लागलो तेव्हा फरक कळला.

हापशाचंच सांगतो, गावात असेल तर पोरीला दाखवा. दांडा ज्या आसावर हलतो तो टेकू. दांड्याची आतली बाजू आखूड, तिला साखळी, साखळीला खाली सळ्या. बाहेरची बाजू लांब, तिथं आपण. म्हणजे टेकू मधे, पहिला प्रकार. सरकारी हापसा बहुतेक इंडिया मार्क टू असतो, त्यात ही बाहेरची आतली लांबी ८ ला १ ठेवलेली असते. खाली दट्ट्या साधारण साडेबारा सेंमी हलतो, म्हणजे आपला हात एक मीटरच्या आसपास वर खाली जायला पाहिजे. पट्टी लावून बघा, जमतं. पोरं दांड्याच्या पार टोकाला लोंबकळतात आणि म्हाताऱ्या बायका मधे धरून दमतात, दोन्हीत कोण हुशार ते पोरीलाच विचारा. आणि एक गोष्ट मला फार आवडते, ह्या पंपाचं मूळ आपल्या मराठी मुलखातलं, जालना आणि सोलापूरला कारागिरांनी जो हातपंप सुधारला त्याच्यावरूनच १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं हा इंडिया मार्क टू तयार झाला आणि पुढं जगभर गेला.

बैलगाडी पण तीच गोष्ट. आस म्हणजे टेकू, पुढं बैलांचं जू, मागं साटा. शेणखत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त भरलं तर मानेवर ओझं. जुने गाडीवान भरताना मधेच धुरा हातानं उचलून बघायचे, एका हातात उचलली की भरणं बरोबर. त्यांना कुणी भुजा बलभुजा शिकवलं नव्हतं. गणितात हा नियम मांडला तो सिराक्यूजच्या आर्किमिडीजनं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात.

काजू_वहिनी
मी खानापूरचीच, काजूच्या फॅक्टरीत काम करते, काजू फोडायच्या मशीनवर. ह्या विषयावर बोलायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या मशीनला दोन दांडे असतात, एक पायाचा एक हाताचा. वाफवलेला काजू दोन पात्यांच्या मधे धरायचा, पाय दाबला की पाती दोन्हीकडून टरफलात घुसतात, मग हाताचा दांडा जरा हलवला की टरफल दोन फाकळ्या होऊन उघडतं आणि गर बाहेर. पाय जास्त दाबला तर गर फुटतो, तुकडा झाला की भाव उतरतो. मी आधी जिथं होते तिथं पायाचा दांडा आखूड होता, दिवसभर दाबून गुडघा संध्याकाळी सुजायचा, आम्ही चार बायकांनी सांगितलं तरी कुणी मनावर घेतलं नाही. आता आहे तिथं दांडा वीतभर लांब आहे, पाय खोल जातो पण जोर लागत नाही. फिटर दादांनी लिहिलं ना की ताकद वाचली तर अंतर वाढतं, तेवढंच एक वाक्य वाचून मला माझ्या गुडघ्याचं कारण कळलं. शाळेत हे असं कुणी सांगितलं असतं तर मी तेव्हाच त्या मुकादमाला समजावून सांगितलं असतं.

ताई, पोरीला विचारा, घरातली नेलकटर कितव्या प्रकारची? माझ्या पोरानं मला विचारलेलं, मी अजून शोधूलेय.

फिजिओ_बेळगाव
नेलकटरचं उत्तर मस्त आहे, त्यात दोन तरफा आहेत. वरचा जो दांडा आपण दाबतो त्याचा टेकू पुढच्या खिळीला, तो खालच्या पट्टीला खिळीजवळच दाबतो आणि आपलं बोट लांब मागं, म्हणजे भार मधे, दुसरा प्रकार. आणि ज्या दोन पट्ट्या नख कापतात त्या मागच्या टोकाला जोडलेल्या, दाब मधे पडतो, नख पार पुढं, म्हणजे तिसरा प्रकार, चिमट्यासारखा. एकानं जोर वाढवला, दुसऱ्यानं तोंड हवं तसं उघडमिटतं ठेवलं.

मी फिजिओथेरपी शिकतेय म्हणून ताईंच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल लिहिते, तिसरा प्रकार माणूस करतो तरी कशाला. ताई, माणूसच तिसऱ्या प्रकारानं बनलाय. कोपर बघा. कोपराचा सांधा टेकू, दंडाचा स्नायू त्याच्यापुढं साधारण ४ सेंमीवर हाडाला चिकटलेला, आणि तळहात ३० ते ३५ सेंमी लांब. ३२ धरा. बल मधे, भार टोकाला. म्हणजे हातात ५ किलोची पिशवी धरून कोपर काटकोनात ठेवला तर स्नायूला ८ पट, ४० किलोइतका ताण घ्यावा लागतो, त्यात हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. ऐकायला तोट्याचा सौदा वाटतो. पण स्नायू जास्त आखडू शकत नाही, तो १ सेंमी आखडला की तळहात ८ सेंमी हलतो, तेवढ्याच वेळात. म्हणून आपण दगड भिरकावू शकतो, झाडू मारू शकतो, तोंडाशी घास नेऊ शकतो. झाडूतपण बघा, वरचा हात जवळजवळ एका जागी, खालचा हात जोर लावतो, आणि खालचं टोक अख्खी खोली फिरतं. ताकद देऊन आपण वेग आणि पल्ला विकत घेतो.

बाकीचे दोन प्रकारपण अंगात आहेत. मान डोलावतो तेव्हा कवटी मणक्यावर टेकलेली असते, पुढं चेहऱ्याचं वजन, मागं मानेचे स्नायू, टेकू मधे, पहिला. दिवसभर मान खाली घालून मोबाईल बघितला की मागचे स्नायू का दुखतात ते ह्यातच आहे. आणि फळीवरचा डबा काढायला टाचा वर करतो तेव्हा पायाच्या बोटांची मुळं टेकू, अंगाचं वजन मधे घोट्यावर, पोटरी मागून टाच वर ओढते, दुसरा प्रकार. पोरीला टाचा वर करून उभं करा आणि पोटरीला हात लावायला सांगा, कडक झालेली कळते.

उद्यमबाग_फिटर
ताई अजून एक, भुजा मोजताना दांड्याची लांबी मोजायची नाही, टेकूपासून जोराच्या रेषेपर्यंतचं सरळ काटकोनातलं अंतर मोजायचं. पान्यानं नट आवळताना काटकोनात ओढलं तर पूर्ण जोर लागतो, पान्याशी ३० अंशाचा कोन करून तिरकं ओढलं तर निम्माच लागू पडतो, बाकी जोर नुसता पाना ताणण्यात जातो. सातवीला हे लागणार नाही पण पोरगी हुशार दिसूलीय, विचारेल.

आणि विळी तरफ नाही हं, मागं एका ग्रुपवर कुणीतरी ठासून सांगत होतं. विळी म्हणजे पाचर, पातं बसलेलं असतं, फिरत काय नाही.

खानापूरची_आई
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री तिला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, वहिनींचं वाचताना हिचे बाबापण टीव्ही बंद करून येऊन बसले.

मग तिनं स्वतःच प्रयोग केला. फूटपट्टी पेन्सिलीवर बरोबर मधे ठेवली, एका बाजूला ६ सेंमीवर दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक, आणि दुसऱ्या बाजूला तसलंच एक नाणं सरकवत सरकवत नेलं, १२ सेंमीवर पट्टी सरळ झाली. पेन्सिल गोल म्हणून घरंगळत होती, तिला दोन्हीकडून कणकेचा गोळा लावला तेव्हा थांबली. मग तीन नाणी ४ सेंमीवर, परत समोरचं एक १२ वरच. २ गुणिले ६ बारा, ३ गुणिले ४ बारा, १ गुणिले १२ बारा, असं म्हणत ओरडतच आली स्वयंपाकघरात. मी अडकित्त्यात सुपारी आधी रिव्हेटजवळ धरली, मग पार मुठीकडं सरकवून धरली, तिकडं अजिबात फुटेना. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या हे तर आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे, नुसतं नाव माहीत नव्हतं.

सोमवारी जाऊन आली. सरांना वहीत दोन्ही चित्रं काढून नेलेली, एकात टेकू मधे, एकात टोक मातीत, खाली ९ पट आणि १० पट दोन्ही गणितं. सरांनी आधी गाईड उघडलं, मग तिची वही परत बघितली, मग वर्गातली लाकडी पट्टी घेऊन टेबलाच्या कडेला डस्टर अडकवून दोन्ही पद्धतीनं करून बघितलं म्हणे सगळ्यांसमोर. मार्क दिला. आणि पुढच्या शनिवारी अख्ख्या वर्गाला हापशावर न्यायचं ठरलंय, मोजपट्टी हिनं न्यायचीय.